चुंबकाविना डिटेक्टर

२ मार्च १९९५ रोजी शिकागोजवळच्या फर्मीलॅबने 'टॉप क्वार्क' हा मूलकण सापडल्याचे जाहीर केले. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. टेव्हाट्रॉन या एकाच यंत्रावर दोन गट काम करत होते आणि दोघांनी त्या कणाचे वस्तुमान निरनिराळे सांगितले. सीडीएफ म्हणाले १७६, डी-झीरो म्हणाले १९९. (एकक जीईव्ही, प्रोटॉन साधारण १ भरतो.) डी-झीरोत आपल्या मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती, म्हणून उत्सुकता जरा जास्त!

विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रातून गेला की त्याची वाट वाकते. वेगवान कणाची कमी, मंद कणाची जास्त. धन भार एका बाजूला, ऋण दुसऱ्या. म्हणजे वाटेचा बाक मोजला की संवेग कळतो. सीडीएफकडे मध्यभागी असा चुंबक होता आणि टकरीच्या जागेला लागून सिलिकॉनच्या पट्ट्याही. बी क्वार्क किंचित अंतर जाऊन फुटतो. ते अंतर या पट्ट्यांना दिसे.

डी-झीरोच्या मध्यभागी चुंबकच नव्हता. हे अज्ञान नव्हे, निवड होती. चुंबकाचे वेटोळे कणांच्या वाटेत येते, म्हणून त्यांनी ते टाळून युरेनियम आणि द्रव आर्गॉनच्या कॅलरीमीटरवर, म्हणजे ऊर्जा मोजण्यावर, सारा भर दिला. पण मग मध्यभागातल्या वाटा सरळच. इलेक्ट्रॉन की पॉझिट्रॉन, तेही वाटेवरून सांगता येईना. म्यूऑनसाठी बाहेर लोखंडी चुंबक होते तेवढेच. बी क्वार्कही त्याच्यातून निघालेल्या म्यूऑनवरून ओळखायचा.

हाती घटना जेमतेम १७. त्यामुळे १९९ च्या पुढे त्यांनी सांख्यिकी त्रुटी सुमारे २० आणि पद्धतीची २२ अशी प्रामाणिकपणे लिहिली. तेवढी त्रुटी धरली तर दोन्ही आकड्यांत भांडण उरत नाही. मला तर हा आकडा शोधाइतकाच मोलाचा वाटतो. उपकरणाला जेवढे दिसते तेवढेच त्यांनी सांगितले.

पुढे २००१ मध्ये टेव्हाट्रॉनचा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा डी-झीरोने आपला आग्रह सोडला. २ टेस्लाचा चुंबक, सिलिकॉन आणि चमकणाऱ्या तंतूंचा मार्गशोधक, सगळे बसवले. टेव्हाट्रॉन ३० सप्टेंबर २०११ ला थांबला. जमलेल्या नोंदींवरून २०१४ मध्ये डी-झीरोने वस्तुमान दिले १७४.९८, त्रुटी फक्त ०.७६.