टर्बो आणि पिकअप : एका अविश्वासाचा इतिहास

१/
जानेवारी २०११. डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात फोर्ड कंपनीच्या तंत्रज्ञांनी जमलेल्या लोकांसमोर एक इंजिन सुटे करून त्याचा भाग न् भाग टेबलावर मांडला. त्याआधी या इंजिनाने प्रयोगशाळेत दीड लाख मैलांइतकी (सुमारे २ लाख ४० हजार किमी) झीज सोसली होती. पुढे एका पिकअपमध्ये बसून त्याने ऑरेगनच्या जंगलात ओंडके ओढले, मायामीजवळच्या शर्यतमार्गावर पाच टनांहून अधिक ओझे सलग २४ तास वाहिले आणि मेक्सिकोतील ‘बाहा १०००’ ही वाळवंटी शर्यतही पूर्ण केली. एवढी अग्निपरीक्षा कशासाठी? कारण इंजिन अवघ्या ३.५ लिटरचे होते आणि त्याला दोन टर्बोचार्जर जोडलेले होते. पिकअपचा अमेरिकी ग्राहक अशा इंजिनावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. त्या अविश्वासाचा हा इतिहास.

२/
प्रथम पिकअपविषयी. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने ‘मॉडेल टी’ मोटारीच्या मागे कारखान्यातच हौदा बसवून ती विकायला काढली. किंमत २८१ डॉलर, शक्ती २० अश्वशक्ती. तोवर शेतकरी आणि सुतार मोटारीचा मागचा भाग कापून स्वतःच असा हौदा बसवून घेत असत. पिकअप जन्मली ती कष्टकऱ्याचे अवजार म्हणून. अवजाराकडून अपेक्षा एकच असते : वेळेला दगा देऊ नये. वेग, आराम, दिमाख हे सारे नंतर आले. फोर्डची ‘एफ’ मालिका १९७७ पासून अमेरिकेतील सर्वाधिक खपाचा ट्रक आहे; तरीही ही मूळ अपेक्षा बदललेली नाही.

३/
टर्बोचार्जर पिकअपहूनही वीस वर्षांनी वडील. इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर वाया जाते, हे स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांना अस्वस्थ करीत होते. बाहेर पडणाऱ्या वायूने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, म्हणजे तेवढ्याच सिलिंडरात अधिक इंधन जाळता येईल, ही त्यांची कल्पना. पेटंट १९०५ चे. प्रत्यक्ष यश १९२५ चे. त्या वर्षी त्यांनी डिझेल इंजिनाची शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढवून दाखवली. मधली वीस वर्षे प्रामुख्याने उष्णतेशी झगडण्यात गेली. एवढ्या तापमानात तग धरणारा धातूच सहजी मिळत नव्हता.

४/
दरम्यान पहिल्या महायुद्धाने या यंत्राला आकाशात नेले. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाचे इंजिन धापा टाकू लागते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच शिखरावर टर्बो जोडलेले ‘लिबर्टी’ इंजिन चालवून दाखवले. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ बॉम्बफेकी विमाने याच मार्गाने उंच उडाली. पण त्या विमानांची देखभाल करायला प्रशिक्षित तंत्रज्ञांची फौज असे. शेतकऱ्याच्या पिकअपमागे अशी फौज नसते. पुढची सारी गुंतागुंत या फरकातून उद्भवते.

५/
टर्बोची प्रकृती येथे समजून घ्यावी. पेट्रोल इंजिनात त्याचे टर्बाइन ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तरंगत असतो तेलाच्या अतिशय पातळ थरावर. तेल जुने झाले, कमी पडले किंवा त्यात कचरा मिसळला की हा थर तुटतो. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केले, तर आतले स्थिर तेल करपून त्याचा कोळसा होतो. म्हणून पुढे टर्बोच्या बेअरिंगभोवती पाणी खेळवण्याची सोय आली. थोडक्यात, साध्या इंजिनाने जी हयगय मुकाट्याने सोसली असती, ती टर्बो सोसत नाही.

६/
याचे पहिले गाजलेले उदाहरण १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीतले. कमिन्स कंपनीच्या टर्बो बसवलेल्या डिझेल मोटारीने पात्रता फेरीत अग्रस्थान पटकावले. चालक होते फ्रेड अगाबाशियन. शर्यत २०० फेऱ्यांची; ही मोटार ७१ फेऱ्यांनंतर थांबली. हवा आत घेणारे तोंड खाली, पुढच्या बाजूला होते. धावपट्टीवर उडणारे टायरचे रबर त्यातून आत जाऊन टर्बोचा मार्ग तुंबला. शक्तीत उणे काही नव्हते. स्वच्छ हवेच्या तजविजीत होते.

७/
दुसरे उदाहरण १९६२ चे. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबील विभागाने ‘जेटफायर’ ही टर्बो मोटार बाजारात आणली. इंजिन ३.५ लिटरचे, शक्ती त्या काळच्या मोजणीनुसार २१५ अश्वशक्ती. दाबलेल्या गरम हवेत पेट्रोलचा अवेळी भडका उडू नये म्हणून मिथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण आत फवारले जाई. त्याची टाकी मालकाने भरत राहायची होती. अनेकांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप उतरे आणि मोटार मंदावे. मालक तक्रार घेऊन हजर. अखेर १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. मालकाच्या शिस्तीवर उभे असलेले यंत्र त्या शिस्तीअभावी बदनाम झाले. तथापि दोष केवळ मालकाचा म्हणता येणार नाही. सामान्य माणूस कसा वागेल याचा अंदाज न बांधणे हीसुद्धा रचनेतलीच चूक.

८/
पिकअपमध्ये टर्बोला प्रतिष्ठा मिळवून दिली ती डिझेलने. १९८९ सालच्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो डिझेल इंजिन आले. शक्ती फक्त १६० अश्वशक्ती. बीडाचे जाड अंग, संथ फेरे, कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी दंतचक्रे. ही इंजिने दीर्घायुष्यासाठी आजही नावाजली जातात. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. याच कमिन्सने किर्लोस्करांच्या भागीदारीत १९६२ मध्ये पुण्यात ‘किर्लोस्कर कमिन्स’ उभी केली होती.

९/
म्हणजे डिझेल टर्बो टिकतो, असा निष्कर्ष काढावा काय? घाई नको. २००३ मध्ये फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये ६.० लिटरचे नवे टर्बो डिझेल आले. प्रदूषणाच्या कडक मर्यादा पाळण्यासाठी त्यात धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडला जाई. तेल थंड करणारा भाग तुंबे, मग धूर थंड करणारा भाग निकामी होई, शेवटी सिलिंडर हेडचे गॅस्केट फुटे. वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि इंजिन बनवणारी नॅव्हिस्टार यांच्यात २००७ मध्ये कोर्टकज्जे सुरू झाले. टर्बो दोन्ही इंजिनांत होता. फरक होता त्याच्या भोवतीच्या रचनेत.

१०/
आता पेट्रोलकडे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये वाहनांच्या इंधनबचतीचा कायदा केला. २००७ च्या कायद्याने २०२० पर्यंत सरासरी ३५ मैल प्रति गॅलनचे, म्हणजे लिटरमागे सुमारे १५ किलोमीटरचे, उद्दिष्ट ठेवले. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत भडकले. मोठ्या व्ही-८ इंजिनांचे दिवस कठीण झाले. अशा वेळी फोर्डने २०११ च्या एफ-१५० मध्ये दोन टर्बोंचे ३.५ लिटर इकोबूस्ट दिले : ३६५ अश्वशक्ती. डेट्रॉइटमध्ये सर्वांसमक्ष सुटे केले गेले ते हेच इंजिन.

११/
थोडा हिशेब करू. दर लिटरमागे किती अश्वशक्ती? मॉडेल टी : सुमारे ७. कमिन्स डिझेल : २७. जेटफायर : ६१. इकोबूस्ट : १०४. लहान इंजिनाकडून मोठे काम काढून घेताना आपण त्याच्यातली राखीव ताकद खर्ची घालतो. जुन्या संथ इंजिनात ही राखीव भरपूर होती. चार चुका त्यात खपून जात. ती राखीव आता ताजे तेल, स्वच्छ हवा, निर्दोष शीतकरण आणि कारखान्यातील काटेकोरपणा यांच्या रूपाने बाहेरून पुरवावी लागते. टर्बो टिकतो, पण उधारीवर टिकत नाही.

१२/
इकोबूस्टच्या अडचणींकडे या दृष्टीने पाहा. दमट हवेत एका लयीत गाडी चालली की दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये पाणी साचे. मग ओव्हरटेक करण्यासाठी पाय दाबताच ते इंजिनात शिरे आणि ऐन मोक्याच्या क्षणी शक्ती हरपे. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये याची चौकशी सुरू केली. काही इंजिनांत टायमिंग चेन ताणली गेली. तेल वेळेवर न बदलणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो. इंधन थेट सिलिंडरात फवारले जात असल्याने व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साचते; म्हणून २०१७ च्या आवृत्तीत दोन्ही प्रकारची फवारणी आली. या यादीत खुद्द टर्बो कोठे फुटला? मुख्य तक्रारी पाण्याच्या, तेलाच्या आणि काजळीच्या आहेत.

१३/
येथे एक प्रसिद्ध प्रतिवाद ऐकू येतो : “जुने व्ही-८ अमर होते.” दाखला दिला जातो लुइझियानातील एका टोयोटा टुंड्राचा. २००७ सालच्या या पिकअपने २०१६ पर्यंत मूळ इंजिनावर दहा लाख मैल पूर्ण केले. टर्बो नव्हता. कंपनीने ती अभ्यासासाठी परत घेऊन मालकाला नवी दिली. घटना खरी आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुराव्याची उलटतपासणी करावी. नऊ वर्षांत दहा लाख मैल म्हणजे इंजिन जवळजवळ सतत महामार्गावर, योग्य तापमानात चालू. शिवाय शंभराहून अधिक वेळा नियमित देखभाल. आणि ज्या हजारो गाड्या भंगारात गेल्या, त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. जुने किल्ले पाहून ‘पूर्वीचे बांधकाम भक्कम होते’ म्हणताना पडलेले वाडे आपण मोजत नाही, तसेच हे.

१४/
त्याच टुंड्राने २०२२ मध्ये व्ही-८ सोडून दोन टर्बोंचे सहा सिलिंडरांचे इंजिन घेतले. मे २०२४ मध्ये सुमारे १ लाख २ हजार वाहने परत बोलवावी लागली. कारण? यंत्रकामातील धातूचा कीस इंजिनात राहून गेला होता आणि त्याने क्रँकशाफ्टची बेअरिंगे खराब होत होती. टर्बोविरोधकांना आनंद झाला. परंतु एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत सुमारे ६ लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या. दोष क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या निर्मितीत. इंजिन कोणते? ६.२ लिटरचे व्ही-८, टर्बोविना! कारखान्यातली बेफिकिरी कोणत्याही इंजिनाला सोडत नाही.

१५/
खरा प्रश्न काळाचा आहे. अमेरिकेत इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी सामान्यतः ५ वर्षे किंवा ६० हजार मैल असते. रस्त्यावरील वाहनांचे सरासरी वय मात्र १२ वर्षांहून अधिक आहे. अनेक पुस्तिकांत तेल १० हजार मैलांपर्यंत चालेल असे लिहिलेले असते. पहिल्या मालकाच्या पाच वर्षांसाठी तो सल्ला पुरेसा असेल. पण पिकअप नवव्या वर्षी तिसऱ्या मालकाच्या दारात उभी असते. तो गवंडी असेल, नळजोडणी करणारा असेल. गाडी थांबली की त्याचा रोजगार थांबतो. पहिल्या दोघांनी वाचवलेल्या तेलाचे बिल त्याच्या हातात पडते. ही किंमत जाहिरातीत दिसत नाही आणि डेट्रॉइटच्या त्या टेबलावरही मांडलेली नव्हती. दीड लाख मैलांची झीज प्रयोगशाळेत उभी करता येते. बारा वर्षे आणि तीन मालक उभे करता येत नाहीत.

१६/
तेव्हा “टर्बो टिकतो का?” या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर इतिहास देत नाही. तो दाखवतो की १९५२ मध्ये रबराने, १९६२ नंतर रिकाम्या टाकीने, २०१३ मध्ये पाण्याने आणि २०२४ मध्ये धातूच्या किसाने बदनामी ओढवली. जुनी पिकअप घेताना इंजिनावरचे बोधचिन्ह नंतर पाहावे. आधी तेलबदलाच्या पावत्या मागाव्यात. त्या नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, सौदा सोडून द्यावा.