लोकरीचीं कुत्रीं आणि सॅलिश स्त्रियांचें विणकाम

लोकर म्हटली कीं मेंढरूं डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि कुत्रें म्हटलें कीं त्या मेंढराची राखण करणारा इमानी प्राणी आठवतो. लोकर देणारा एक व राखण करणारा दुसरा, ही कामाची वांटणी इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, खुद्द कुत्र्याच्या अंगावरील लोकर कातरून तिचीं वस्त्रें विणणारा एखादा समाज असेल, हें प्रथम खरेंच वाटत नाहीं. परंतु उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असा समाज होता. तो आजहि आहे. नाहींशीं झालीं आहेत तीं त्याचीं कुत्रीं. तीं कशीं नाहींशीं झालीं याचें एक सोपें कारण शंभर वर्षे पुस्तकांतून सांगितलें जात होतें. तें कारण अर्धेंच खरें होतें.

आजच्या नकाशावर कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि अमेरिकेचें वॉशिंग्टन संस्थान जेथें एकमेकांस भिडतात, तेथें समुद्र जमिनींत खोलवर शिरलेला आहे. या बेटांनीं व खाड्यांनीं भरलेल्या पाण्यास सॅलिश समुद्र असें नांव आहे, आणि त्याच्या कांठीं राहणाऱ्या स्क्वामिश, मस्क्वियम, स्टोलो, कौविचन, स्कोकोमिश इत्यादि जमातींना मिळून कोस्ट सॅलिश, म्हणजे किनाऱ्यावरचे सॅलिश, असें म्हणतात. हवा दमट, पाऊस पुष्कळ, थंडी अंगांत भिनणारी. मेंढी मात्र त्या देशांत नव्हती. लोकर मिळे ती दोनच ठिकाणांहून : उंच पर्वतांवर राहणाऱ्या पहाडी बकऱ्यांपासून, आणि घरच्या कुत्र्यांपासून. बकऱ्याची लोकर आणावयाची म्हणजे एक तर शिकार करावी, नाहीं तर उन्हाळ्याच्या आरंभीं झुडुपांना अडकून राहिलेले झुबके वेंचीत डोंगर हिंडावा. जे बेटांवर राहत त्यांना तीहि सोय नसे. त्यांना ती देवघेवींतूनच मिळवावी लागे. कुत्रें मात्र दाराशीं होतें.

हें कुत्रें साधें नव्हे. अंगानें बेताचें, कान ताठ, शेपूट पाठीवर वळलेलें, आणि सर्वांगावर दाट, बहुधा पांढरी, किंचित् कुरळी लोकर. शिकारीचीं व गांवांत हिंडणारीं कुत्रीं निराळ्या जातीचीं होतीं. दोहोंचा संकर झाला तर थोड्याच पिढ्यांत ही लोकर हातची जाणार, हें सॅलिश स्त्रियांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून लोकरीचीं कुत्रीं त्या वेगळीं ठेवीत. कोठें कुंपणांत, कोठें किनाऱ्याजवळच्या एखाद्या लहानशा बेटावर. बेटावरच्या कुत्र्यांना खाऊं घालण्यासाठीं नौका वल्हवीत जावें लागे. त्यांच्या पोटासाठीं साल्मन मासा साठवून ठेवावा लागे. लोकर वर्षांतून एकदोनदां कातरीत. हीं कुत्रीं स्त्रियांच्या मालकीचीं असत, आणि ज्या घरीं तीं अधिक त्या घराची प्रतिष्ठा अधिक मानीत. मागावर अर्धवट राहिलेलें काम आणि भुकेनें कण्हणारें कुत्रें, या दोहोंत आपला दिवस वांटून देणें हेंच त्या गृहिणीचें कसब होतें. एकाकडे दुर्लक्ष झालें कीं दुसरेंहि अडलें.

कातरलेल्या लोकरींतील तेलकटपणा जाण्यासाठीं ती पांढऱ्या भुसभुशीत मातीबरोबर लांकडी पट्टीनें झोडपीत. मग तींत बकऱ्याची लोकर आणि प्रसंगीं रानफुलांच्या शेंगांतील कापसासारखे तंतु मिसळीत. या मिश्रणाचे पेळू वळून तें मोठ्या लांकडी चकतीच्या टकळीवर कांतीत. त्या चकत्यांवर सुंदर कोरीव काम असे. माग म्हणजे दोन उभ्या खांबांत बसविलेले दोन आडवे दांडे. ताणा त्यांच्याभोंवतीं गुंडाळून बाणा बोटांनींच भरावयाचा. जुन्या घोंगड्यांतील तंतूंची रासायनिक तपासणी करून तिचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध करण्यांत आले. कांहीं घोंगड्यांत बकऱ्याच्या लोकरीबरोबर कुत्र्याची लोकर खरोखरच विणलेली आहे, असें तींत सिद्ध झालें.

अशी घोंगडी केवळ थंडीपुरती नव्हती. विवाह, नामकरण, मृत्यु अशा प्रसंगीं यजमान जमलेल्या पाहुण्यांना देणग्या वांटीत असे. या समारंभास पॉटलॅच म्हणतात. त्या देणग्यांत घोंगडीचें स्थान फार वरचें होतें. ती अंगावर घेणाराचा दर्जा तिच्यावरून कळे. थोडक्यांत, ती वस्त्र होती, धन होती आणि मानपत्रहि होती.

परकीयांपैकीं या कुत्र्यांचें चांगलें वर्णन करणारा म्हणजे इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर. १७९२ च्या मे महिन्यांत तो प्यूजेट साउंड या आखातांत शिरला असतां त्याला तीं आढळलीं. पोमेरेनियन कुत्र्यांसारखीं परंतु त्यांहून थोडीं मोठीं, आणि इंग्लंडांतील मेंढरांप्रमाणें अगदीं कातडीपर्यंत कातरलेलीं, असें त्यानें नमूद केलें आहे. लोकरीचा थर इतका दाट कीं, एक कोंपरा धरून उचलला तरी मोठा तुकडा न विलगतां वर येई. कॅनडाचा चित्रकार पॉल केन हा १८४७ सालीं या किनाऱ्यावर होता. मागावर बसलेली स्त्री आणि तिच्यापुढें कातरलेलें पांढरें कुत्रें, असें त्याचें एक चित्र टोराँटो येथील रॉयल ऑंटारिओ म्युझियममध्यें जतन केलेलें आहे.

या जातीचें एक कुत्रें तर कातड्याच्या रूपानें आजपर्यंत टिकून राहिलें आहे. सरहद्दीच्या मोजणीवर असलेला अमेरिकन अभ्यासक जॉर्ज गिब्ज यानें एक लोकरीचें कुत्रें पाळलें होतें. त्याचें नांव त्यानें थट्टेनें ‘मटन’ ठेविलें होतें. तें १८५९ सालीं मेलें, आणि त्याचें कातडें वॉशिंग्टन शहरांतील स्मिथसोनियन संस्थेकडे रवाना झालें. दीड शतकाच्या वर तें संग्रहालयाच्या खणांत पडून होतें. ऑड्री लिन, लोगन किस्लर व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून डिसेंबर २०२३ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध केले. मटनचे पूर्वज सुमारें ५,००० वर्षांपूर्वीं इतर कुत्र्यांपासून वेगळे झाले असावेत, आणि युरोपियनांची वसाहत होऊन गेल्यानंतर जन्मलें असूनहि त्याच्या वंशाचा सुमारें ८५ टक्के भाग मूळच्या देशी कुत्र्यांचा होता, असें आढळलें. केंसांच्या वाढीशीं संबंध असलेल्या २८ जनुकांवर निवडीची छाप दिसली. म्हणजे जें सॅलिश आज्या नातींना सांगत आल्या होत्या, कीं हीं कुत्रीं आमच्या पूर्वजांनीं निगुतीनें जपून वाढविलीं, त्याला प्रयोगशाळेनेंहि दुजोरा दिला.

आतां मूळ प्रश्न : इतक्या निगुतीनें राखलेली ही जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कां लोपली? पुस्तकांतील उत्तर असें कीं, हडसन्स बे कंपनीनें १८२७ सालीं फोर्ट लँगली व १८४३ सालीं फोर्ट व्हिक्टोरिया हीं ठाणीं वसविलीं. तेथें विलायती गिरण्यांचीं ब्लँकेटें सहज मिळूं लागलीं. स्वस्त माल आला, कष्टाचा माल गेला. हें कारण पटण्याजोगें आहे, म्हणूनच तें इतके दिवस टिकलें. पण ज्या घोंगडीनें मनुष्याचा मान ठरतो, ती केवळ दुकानांत दुसरी मिळते म्हणून कोणी टाकून देत नाहीं. विलायती ब्लँकेट ऊब देऊं शकत होतें. मान देण्याचें सामर्थ्य त्यांत कोठून यावें?

२०२३ च्या संशोधनांत शास्त्रज्ञांनीं सॅलिश वृद्ध व विणकर यांनाहि बरोबरीनें विचारलें, ही विशेष गोष्ट होय. त्यांनीं सांगितलेली हकीकत निराळी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देवीच्या सांथी येत गेल्या. व्हँकूव्हरलाहि ओसाड गांवें व देवीचे व्रण असलेले चेहरे दिसले होते. घरेंच्या घरें रिकामीं झालीं, तेव्हां बेटावरच्या कुत्र्यांना मासे कोणी घालावे? त्यानंतर सोनें शोधणारे आले, मिशनरी आले, सरकारी अंमलदार आले. कॅनडानें १८८४ सालीं कायदा करून पॉटलॅचला बंदी केली; ती १८८५ पासून अमलांत आली व १९५१ पर्यंत राहिली. घोंगडी द्यावयाचा प्रसंगच गुन्हा ठरला. मुलींना निवासी शाळांत नेलें, आणि आजीजवळ बसून शिकण्याचें वय तेथें गेलें. पोलीस, अंमलदार व पाद्री यांच्या दडपणामुळें आपल्या पणजीला कुत्रीं सोडून द्यावीं लागलीं, अशी आठवण स्टोलो जमातींतील एका वृद्ध स्त्रीनें सांगितली आहे. ‘सोडून दिलीं’ व ‘सोडावीं लागलीं’ या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच या इतिहासाचें मर्म होय.

लोकरीशीं असलेलें या स्त्रियांचें नातें मात्र तुटलें नाहीं. वसाहतवाल्यांबरोबर मेंढ्या आल्या. १८५८ सालीं व्हिक्टोरिया येथें आलेल्या सेंट ॲन संघाच्या जोगिणी व इतर वसाहतवाल्या स्त्रिया यांच्याकडून सॅलिश मुलींनीं सुयांवरचें विणकाम उचललें. मराठींत माग आणि सुया या दोहोंनाहि ‘विणणें’ हें एकच क्रियापद चालतें. सॅलिश स्त्रियांच्या हातांनींहि तसेंच केलें. लोकर धुणें, पिंजणें, कांतणें हें तर त्यांच्या रक्तांतच होतें. त्यांतून व्हँकूव्हर बेटावरील कौविचन खोऱ्यांत जाड, हातानें कांतलेल्या लोकरीचा, पांढऱ्या, करड्या व काळ्या नैसर्गिक रंगांचा, शिवण नसलेला असा कौविचन स्वेटर निर्माण झाला. लोकरींतील तेल राखल्यामुळें तो पावसांतहि लवकर भिजत नाहीं. कोळी, लांकूडतोडे यांनीं तो आवडीनें घेतला. पॉटलॅचवर बंदी असतां याच सुयांनीं कित्येक संसार चालविले, जरी व्यापाऱ्याकडून हातीं पडणारा मोबदला श्रमांच्या मानानें तुटपुंजाच असे.

२०१० सालीं व्हँकूव्हर शहरीं हिंवाळी ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळीं हडसन्स बे कंपनीनें काढलेला स्वेटर कौविचन नमुन्याशीं फार मिळताजुळता होता. विणणारे हात मात्र कौविचन नव्हते. जमातीनें आक्षेप घेतला, तेव्हां अस्सल स्वेटरहि कंपनीच्या दुकानांत विकण्याची तडजोड झाली. पुढच्याच वर्षीं कॅनडा सरकारनें सॅलिश विणकर स्त्रिया व त्यांचा स्वेटर यांस राष्ट्रीय इतिहासांत मान्यता दिली. १६७० सालीं स्थापन झालेल्या त्या कंपनीचीं सर्व दुकानें जून २०२५ च्या आरंभापर्यंत बंद झालीं. सॅलिश स्त्रिया अजून विणीत आहेत. मस्क्वियम जमातींत १९८० नंतरच्या दशकांत मागावरील जुन्या विणीचेंहि पुनरुज्जीवन झालें, आणि डेब्रा स्पॅरो यांच्यासारख्या विणकर स्त्रियांनीं संग्रहालयांतील घोंगड्या निरखून ती विद्या पुनः हस्तगत केली.

येथें एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. कला एक पिढीभर झोंपूं शकते. जुनी घोंगडी पुढें ठेवून नात आजीची वीण उकलूं शकते. पण पाळलेल्या जनावराची जात झोंपूं शकत नाहीं. तिला रोज मासा पाहिजे, रोज राखण पाहिजे, आणि आपली जात न बिघडूं देणारा डोळा पाहिजे. तो डोळा कांहीं वर्षे जरी हटला, तरी पांच हजार वर्षांचें काम उघड्यावर पडतें. म्हणून सॅलिश घरांत माग पुनः उभा राहिला, सुया चालूच राहिल्या, आणि मागापुढची कुत्र्याची जागा तेवढी रिकामी राहिली.