कामकऱ्यांचीं घरें : उजेड आणि वारा



घर म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर, असें आम्ही शाळेंत मुलांना सांगत असूं. परळकडच्या चाळींत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यानें एके दिवशीं ही व्याख्या दुरुस्त केली. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या खोलींत भर दुपारीं दिवा लावावा लागतो. मग खिडकी नको का सांगायला?" मुंबईंतील कामकऱ्यांच्या घरांचा सव्वाशें वर्षांचा इतिहास त्या प्रश्नांत सांठवलेला आहे, हें मला पुष्कळ उशिरां उमगलें.

१८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला आणि शहरांतील कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांकडे सरकारचें लक्ष गेलें. १८९८ सालीं कायदा होऊन इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुनीं घरें पाडणें, रुंद रस्ते काढणें व नव्या चाळी बांधणें हें त्याचें काम. परळच्या अशाच एका ट्रस्ट-चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें वास्तव्य होतें. पाडणें मात्र बांधण्याहून सोपें ठरलें. बेघर झालेलीं अनेक कुटुंबें शेजारच्या जुन्या चाळींत जाऊन अधिकच दाटीनें राहूं लागलीं.

तरीहि ट्रस्टनें एक मोलाचा विचार दिला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहानें मांडला. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून आकाशाकडे त्या कोनाची रेषा काढावी. समोरची इमारत तिच्या आड येतां कामा नये. भूमिति शिकविणाऱ्यास याचा अर्थ तत्काळ कळेल : समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मधली जागा मोकळी हवी.

पुढें १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट खातें निघालें. ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. पैसा उभारण्यासाठीं कापसाच्या गांठींवर कर बसविला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी, म्हणजे सुमारें १६,००० खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची. मधून बोळ व दोहों बाजूंस खोल्या, अशी रचना असल्यामुळें वाऱ्याला येण्यास वाट होती, पण पलीकडे निघून जाण्यास नव्हती. भाडें कामकऱ्यास परवडेना, म्हणून आरंभीं अनेक खोल्या ओसच पडल्या. घर स्वस्त आहे कीं नाहीं, हें बांधणाराच्या हिशेबावर ठरत नाहीं. राहणाराच्या मिळकतीवर ठरतें.

आतां त्याच जागीं उत्तुंग इमारती उठत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टांत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या नांदलेल्या माणसांचा हा आनंद उणा लेखण्याचें पाप मी करणार नाहीं. पण जुना कोन मनांतून जात नाहीं. चाळीस मजल्यांची इमारत सुमारें १२० मीटर उंच धरली, तर त्या नियमानें समोर ६० मीटर मोकळी जागा लागेल. आजच्या मुंबईंत ती कोठून आणावी?

जुना नियम तसाच्या तसा चालणार नाहीं. त्यामागील तत्त्व मात्र टाकून चालणार नाहीं. केंद्राच्या ऊर्जा-दक्षता ब्यूरोनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं संहिता काढली. तींत मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेंत उघडतां येणारा खिडकी-दारांचा भाग घराच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश असावा असें सांगितलें, आणि भिंतींतून आंत शिरणाऱ्या उष्णतेसहि मर्यादा घातली. ऑरसाहेबांनीं रोगाच्या भयानें जें मागितलें, तेंच आज विजेच्या बचतीसाठीं मागावें लागत आहे.

भिंत तापली, वारा कोंडला, तर पंखा दिवसरात्र फिरतो, आणि फुकट मिळालेल्या घराचें भाडें विजेच्या बिलाच्या रूपानें महिन्याच्या महिन्याला द्यावें लागतें. म्हणून नव्या घराची किल्ली हातीं घेतांना आधीं खिडकी उघडून पाहावी. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न अजून जुना झालेला नाहीं.