पुतळ्यांची आवक-जावक

मे महिना लागला की गोव्यात राहणाऱ्याच्या घरी पाहुणे येणार हे ठरलेलं. यंदा बेळगावहून बहीण आली, बरोबर आठवीतला भाचा. पहिले दोन दिवस समुद्र झाला, तिसऱ्या दिवशी बोंडल्याचे प्राणी झाले. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना बहीण म्हणाली, "दादा, आता काय दाखवतोस?" मी म्हटलं, जुनं गोवें. भाच्याचं तोंड एकदम पडलं. माझी सहावीतली मुलगी तर स्पष्टच बोलली, "बाबा, म्युझियम नको. तिथं फक्त हात लावू नका असं सांगतात."

तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. मग मी माझ्या धंद्यातली युक्ती काढली. बावीस वर्षं सरकारी कारकुनी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? एक वही घेतली आणि तिच्यावर रकाने आखले. वस्तू, आवक, जावक, कुणी हलवली, शेरा. म्हटलं, आज आपण गोव्याच्या पुतळ्यांचं आवक-जावक रजिस्टर भरायचं. जो पुतळा मूळ जागी आहे त्याला एक गुण, जो हलवलाय त्याची मूळ जागा शोधून काढली तर पाच. मुलं तयार झाली. आजोबा, म्हणजे माझे वडील, तेही निघाले. मात्र निघतानाच म्हणाले, "मी बाहेरच बसेन. त्या फिरंग्यांची थोबाडं बघायला मी येणार नाही." वडील मराठी शाळेत मास्तर होते. 1961 साली ते तेरा वर्षांचे होते. जुन्या गोव्याला ते अनेकदा गेलेत, पण त्या संग्रहालयात कधी नाही.

सुरुवात पणजीतूनच केली. मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. झगा घातलेला धर्मगुरू हात पसरून उभा आणि समोर कोसळणारी बाई. लहानपणी मला तो राक्षस वाटायचा. कांदोळीला 1756 साली जन्मलेला हा माणूस पंधराव्या वर्षी बापाबरोबर युरोपला गेला. संमोहन हे काही कुणाच्या अंगातल्या दैवी चुंबकाने होत नाही, ते समोरच्याच्या मनात घडतं, असं त्याने पॅरिसमध्ये लोकांना करून दाखवलं. त्याच्या नावाचं पात्र दूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'त आहे. पुतळा घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी, 1945 मध्ये, म्हणजे पोर्तुगीज राज्यातच. रजिस्टरात नोंद झाली : आवक 1945, जावक नाही. शेऱ्याच्या रकान्यात भाच्याने लिहिलं, "आपला माणूस म्हणून राहिला." मी ते खोडलं नाही.

तिथून चालत आझाद मैदान. मैदानाच्या मधोमध उंच खांबांचा मंडप आहे, पणजीकर रोज त्याच्यावरून जातात आणि बघत नाहीत. (मीही त्यातलाच.) हे खांब इथले नव्हेतच. जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन पंथाच्या पडक्या वास्तूतून ते आणलेले. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली तेव्हा जुन्या शहराचे दगड असे बोटीत घालून नव्या शहरात येत होते. मंडप बांधला होता आफोन्सो द आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी. आज तिथं आल्बुकर्क नाही. तिथं आहेत डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या अस्थी.

हे नाव मुलांना शाळेत एका ओळीत शिकवतात. चांदोरचा हा माणूस. गोमंतकीयांचं राष्ट्रीयत्व पोर्तुगिजांनी कसं पुसून काढलं यावर 1944 मध्ये त्यांनी पुस्तिका लिहिली. 1946 मध्ये त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. ते परत आले, पण गोवा मुक्त झालेला बघायला राहिले नाहीत. 1958 मध्ये मुंबईला वारले. त्यांच्या अस्थी इथं यायला 1986 उजाडलं. ज्याच्यासाठी मंडप बांधला तो गेला आणि ज्याला हद्दपार केलं तो आत आला. एकाच जागेची जावक आणि आवक! वडील पायातली चप्पल काढून दोन मिनिटं उभे राहिले. काही बोलले नाहीत.

जवळच मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातून आत शिरलं की भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं दिसतात. 1935 मध्ये जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने केलेली. विषय कामोंइशच्या 'लुझियाद' महाकाव्याचा, म्हणजे वास्को द गामाच्या भारताकडच्या सफरीचा. या संस्थेचं नावही आधी वास्को द गामाचंच होतं, मुक्तीनंतर पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं दिलं. पाटी बदलता आली, फरशा भिंतीतच बसवलेल्या, त्या राहिल्या. मुलीने विचारलं, "हा कवी कुठाय?" म्हटलं, तोच तर आता भेटणार आहे.

भाजी-पाव खाऊन कदंब बस पकडली. रायबंदरच्या बांधावरून, जो 1634 च्या सुमारास पुरा झाला, बस जात होती तेव्हा मी भाच्याला विचारलं, कदंब म्हणजे काय? तो म्हणाला, "बस." बेळगावच्या मुलाला दोष कसा देणार? आमच्या गोव्यातल्या मुलांचंही उत्तर हेच असतं. तेव्हा तो विषय मी वीरगळापर्यंत राखून ठेवला.

जुन्या गोव्याचं पुराणवस्तू संग्रहालय सेंट फ्रान्सिस आसिसीच्या चर्चला लागून, त्यांच्याच जुन्या मठात आहे. 1964 पासून ते तिथं आहे. शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे बेत त्याप्रमाणे आखावा. पोरांना घेऊन जायचं तर सकाळी लवकर किंवा आमच्यासारखं जेवणाआधी. वडील ठरल्याप्रमाणे बाहेर झाडाखाली बसले.

आत पाऊल टाकलं की समोर आल्बुकर्क. ब्राँझचा, प्रचंड, दाढी छातीवर आलेली. पणजीत उघड्यावर उभा होता तेव्हा केवढा दिसत असेल कोण जाणे, इथं छपराखाली तो खोलीत मावत नसल्यासारखा वाटतो. 1510 मध्ये त्याने गोवा दोनदा घेतला. आधी घेतला, मग आदिलशाही फौजेने हाकलला, मग 25 नोव्हेंबरला पुन्हा घेतला आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल करवली. त्याला बोलावण्यात तिमोजा नावाच्या इथल्याच सरदाराचा हात होता, ही गोष्टही मुलांपासून लपवू नये असं माझं मत आहे. आपल्याकडे ती हळू आवाजात सांगतात.

कामोंइशही इथंच आहे. 1553 मध्ये तो स्वतः गोव्यात आला होता, शिपाई म्हणून. त्याचा ब्राँझचा पुतळा बाहेर चर्चच्या आवारातल्या मोकळ्या जागेत 1960 मध्ये उभारला. एका वर्षात राज्य गेलं. पुढे पुतळ्याला विरोध झाला आणि त्याला आत आणून ठेवलं. बाहेर चौकात आता गांधीजी आहेत. नोंद : आवक 1960, जावक फार दूर नाही. शेरा, मुलीचा : "घरच्या घरी बदली."

वरच्या मजल्यावर ती थोबाडं. साठेक गव्हर्नर आणि व्हाइसरॉय भिंतीवर ओळीने उभे आहेत. हा प्रकार 1547 मध्ये जुआंव द कास्त्रो या गव्हर्नराने सुरू केला, आधीच्यांची चित्रं काढवून घेतली. पुढे प्रत्येकाने आपलं लावलं. जुन्या गोव्यातल्या राजवाड्यातून ती पणजीला आदिलशहाच्या राजवाड्यात गेली आणि मुक्तीनंतर परत जुन्या गोव्याला आली. पोरं दहाव्या चित्रानंतर कंटाळली. सगळे सारखेच दिसतात ही त्यांची तक्रार, आणि ती रास्त आहे, कारण ही चित्रं पुन्हा पुन्हा रंगवली गेली आहेत. तेवढ्यात मुलीने तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

"बाबा, यात आपले लोक कुठे आहेत?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. मग आठवलं. पहिली चित्रं काढायचं काम गास्पार कुर्रैया या बखरकाराकडे होतं. हाताखाली त्याने इथलाच एक चित्रकार घेतला होता. त्या चित्रकाराचं नाव त्याने लिहून ठेवलं नाही. म्हणजे या भिंतीवरच्या मालिकेची सुरुवात गोव्याच्या कुणातरी चिताऱ्याच्या हाताने झाली. त्याने त्या लोकांना समोर किंवा नकाशात नव्हे, रंगात पाहिलं असणार, नाक कसं, दाढी कशी. मी हे सांगितल्यावर दोघंही परत पहिल्या चित्रापाशी गेली आणि नीट बघू लागली. रजिस्टरात चित्रकाराच्या नावाचा रकाना नव्हता. मुलीने तो समासात आखला आणि रिकामा ठेवला.

खाली दगडांच्या दालनात मात्र आपले लोक भरपूर आहेत. वीरगळ कसा वाचायचा हे एकदा कळलं की मुलं थांबत नाहीत, हा माझा अनुभव. खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, त्यात वीर पडतो. मधे अप्सरा त्याला घेऊन जातात. वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहील. सतीच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. तो बघताना बहिणीने तोंड फिरवलं. कदंबांच्या काळातल्या एका वीरगळावर खाली जहाजांची लढाई कोरली आहे. भाचा गुडघे टेकून बघत होता. तेव्हा त्याला सांगितलं, बसवरचं नाव ते हेच. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी या नदीत आपल्या राजांचं आरमार होतं, आणि त्यात मेलेल्या कुणाचा तरी हा दगड.

मी बाहेर जाऊन वडिलांना म्हटलं, वर जाऊ नका, पण खालचे दगड बघून या. देवनागरी अक्षरंही आहेत. मास्तरांना अक्षरं म्हटल्यावर राहवेना. आल्बुकर्ककडे न बघता, मान एका बाजूला वळवून ते आत गेले. शिलालेखापुढे चष्मा वर करून, बोटाने हवेत गिरवत एकेक अक्षर लावत बसले. अर्धा तास. आम्हाला भूक लागली होती.

येताना व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलो. वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, 1599 मध्ये ही पणजोबाच्या नावाने बांधली. कोसळली म्हणून 1954 मध्ये पुन्हा उभारली. नदीच्या बाजूला वास्को आहे. शहराच्या बाजूला एक बाई आहे, हातात तलवार, आणि तिच्या पायाखाली पगडीवाला माणूस आडवा. 25 नोव्हेंबर हा सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून ती. हा पुतळा कुणी हलवलेला नाही. खालून रोज माणसं आणि गाड्या फेरीकडे जातात. हलवावा का? भाच्याचं मत पडलं, हलवावा. मुलगी म्हणाली, नको, मग पगडीवालाही जाईल. मला दोघांचंही पटलं. माझ्या कचेरीत अशा फायलीवर "चर्चा करावी" असं लिहून ती परत पाठवतात. बाजूलाच आदिलशहाच्या राजवाड्याचं उरलेलं एकटं दार आहे. त्याच्या काळ्या दगडांची घडण देवळाची आहे हे कुणालाही दिसतं. म्हणजे देवळाचे दगड राजवाड्यात, राजवाड्याचे दगड पणजीत.

जेवून वडील म्हणाले, आता आलोच आहोत तर नार्वेला जाऊया. फेरीतून दिवाडी बेट, बेट ओलांडून दुसरी फेरी, की नार्वे. सप्तकोटेश्वर हा कदंबांचा देव, त्यांच्या नाण्यांवर त्याच्या कृपेचा उल्लेख असायचा. त्याचं देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडलं. लिंगाचा दगड विहिरीच्या कामाला लावला होता असं सांगतात, तिथून तो भाविकांनी रातोरात नदीपार आणला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, दारावर तसा लेख आहे. 2023 मध्ये सरकारने पुन्हा दुरुस्ती केली. आमच्याकडे मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. गोव्यात कुलदैवताचं मूळ गाव विचारलं की दोन गावं सांगावी लागतात. त्यामुळे हलवणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या फेरीत मुलीने वही उघडली. वस्तू : सप्तकोटेश्वर. आवक : दिवाडीहून. कुणी हलवली : आपण. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी पेन घेतलं, त्यांच्या त्या शाळेतल्या वळणदार अक्षरात "अजून पूजेत" असं लिहिलं आणि मग पान उलटून आधीच्या नोंदी वाचायला लागले. चित्रांच्या पानावर समासातला रिकामा रकाना त्यांना दिसला. "हे काय?" मुलीने सांगितलं. फेरी काठाला लागली तरी ते त्या पानावरच होते.

"शनिवारी उघडं असतं ना ते?" त्यांनी मला विचारलं.