हत्तीनचा पराभव आणि त्यामागील दरबार

क्रूसयुद्धांचा विषय निघाला की इ. स. ११८७ मध्ये हत्तीन येथे पवित्र क्रूसाचा अवशेष सुलतान सलाउद्दीनच्या हाती पडला, एवढे आपण सांगतो आणि लगेच येरुशलेमच्या पाडावाकडे वळतो. परंतु तो दिवस समजून घ्यावयाचा असेल, तर चार वर्षे मागे जावे लागेल.

येरुशलेमचा राजा चौथा बाल्डविन कुष्ठरोगाने जर्जर झाला होता. ११८३ साली त्याने आपली बहीण सिबिला हिचा पती, लुझिन्याचा गी, याजकडे राज्यकारभार सोपविला. त्याच वर्षी सलाउद्दीनने गालीलावर स्वारी केली. गीने पाण्याजवळ तळ ठोकून युद्ध टाळले; रसद सरताच सुलतान मागे फिरला. राज्य बचावले, पण प्रतिस्पर्ध्यांनी गीला भ्याड ठरविले व त्याचा अधिकार गेला. योग्य निर्णयाची ही शिक्षा तो विसरला नसावा, असे आम्हांस वाटते.

११८५ मध्ये बाल्डविन वारला. त्याचा बालवारस पाचवा बाल्डविन पुढल्याच वर्षी मरण पावला. बालराजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या त्रिपोलीच्या काउंट रेमंडला बाजूस सारून सिबिलेला व तिच्यामुळे गीला राजमुकुट मिळाला. रेमंड रुसून तिबिर्यास गेला आणि त्याने सलाउद्दीनशी स्वतंत्र तह केला. इकडे केरकच्या रेनाल्डने, राज्याचा सुलतानाशी तह असताना, मुसलमानांचा काफिला लुटला आणि लूट परत करण्याची राजाज्ञा धुडकावली. ख्रिस्ती सरदाराने शपथेचा करार मोडावा व ख्रिस्ती राजाला त्यास शासन करता येऊ नये, हे आमच्या मते रणांगणावरील पराभवाहून लज्जास्पद होय. सलाउद्दीनने मात्र स्वधर्मीय प्रतिस्पर्ध्यांशी दीर्घकाळ झगडून ११८३ मध्ये हलेब घेतले होते व ११८६ मध्ये मोसुलला नमविले होते.

२ जुलै ११८७ रोजी त्याने तिबिर्यावर हल्ला केला. तेथील किल्ल्यात रेमंडची पत्नी एशिवा अडकली होती. नासरेथजवळ सफूरियाच्या झऱ्यांपाशी ख्रिस्ती सैन्य जमले होते. सुमारे २०,००० माणसे, त्यांत १,२०० चिलखती घोडेस्वार. आपली पत्नी संकटात असतानाही रेमंडनेच जागा न सोडण्याचा सल्ला दिला आणि तो मान्य झाला. रात्री टेम्पल संघाचा प्रमुख जेरार्ड एकटा राजाच्या तंबूत शिरला. रेमंडच्या तहाचा आधार घेऊन गालीलातून गेलेल्या मुसलमान तुकडीवर मे महिन्यात अविचाराने तुटून पडून जेरार्डने आपले बहुतेक सरदार गमावले होते. तो सल त्याच्या मनात होता. रेमंड फितूर आहे, असे त्याने राजाच्या मनात भरविले. ११८३ चा अपमान गिळलेल्या राजाने पहाटे कूच करण्याचा हुकूम दिला.

३ जुलैचे ऊन, पाण्याचा थेंब नाही, दिवसभर बाणांचा वर्षाव. रात्र तहानेत गेली. सकाळी शत्रूने वाळके गवत पेटविले. गालील समुद्र अवघ्या काही मैलांवर होता! पायदळ टेकडीवर चढून बसले व पुन्हा लढण्यास उतरेना. क्रूस वाहणारा अक्कोचा बिशप मारला गेला. (प्रभूने गिरिप्रवचन केले ते ठिकाण हीच जोडशिखरी टेकडी, अशी एक परंपरा पाश्चात्य ख्रिस्ती यात्रेकरूंत पुढे रूढ झाली.) रेमंड कोंडी फोडून निसटला, त्याच वर्षी तो वारला, पण फितुरीचा डाग त्याच्या नावावर राहिला.

सुलतानाने बंदी राजाला थंड पाणी दिले. रेनाल्डवर मात्र स्वतः तलवार चालविली. दोन्ही संघांच्या सुमारे २०० बंदी सरदारांचा वध झाला. सलाउद्दीनच्या औदार्याच्याच कथा सांगणाऱ्यांनी हे वगळू नये. २ ऑक्टोबरला येरुशलेम शरण गेले. पुरुषामागे १० दिनार खंडणी ठरली. ती न देऊ शकलेले हजारो गुलामीत गेले. पूर्वेकडील परंपरेचे ख्रिस्ती लोक मात्र कर भरून शहरातच राहिले.

२९ ऑक्टोबर रोजी पोप आठवे ग्रेगरी यांनी काढलेल्या पत्रकात नव्या मोहिमेचे आवाहन आहे; परंतु त्याआधी, हा दोष केवळ त्या भूमीतील रहिवाशांचा नसून आपणा सर्व ख्रिस्ती जनांचा आहे, आणि तेथील दुहीनेच सलाउद्दीनला संधी दिली, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे.