जागा चुकली, अर्थ बदलला!

इंग्रजी वाक्यातील भरकटलेले 'मॉडिफायर' कसे ओळखावेत आणि कसे सुधारावेत?

- प्रतिनिधी

नोकरीच्या अर्जात एखादा उमेदवार मोठ्या आत्मविश्वासाने लिहितो, 'हॅविंग वर्क्ड अ‍ॅज अ‍ॅन अकाउंटंट फॉर फाइव्ह इयर्स, युवर कंपनी विल बेनिफिट फ्रॉम माय एक्सपीरियन्स.' स्पेलिंग अचूक, काळ योग्य, शब्दही नेमके. तरीही हे वाक्य वाचून जाणकाराला हसू येते. कारण या रचनेनुसार पाच वर्षे हिशेबनिसाची नोकरी उमेदवाराने नव्हे, तर कंपनीने केली आहे!

वाक्यातील दुसऱ्या शब्दाविषयी अधिक माहिती देणारा शब्द वा शब्दसमूह म्हणजे 'मॉडिफायर'. विशेषणे, क्रियाविशेषणे, धातुसाधिते हे सारे त्यात आले. तो आपल्या शब्दापासून दूर जाऊन भलत्याच शब्दाला चिकटला की त्याला 'मिसप्लेस्ड मॉडिफायर' म्हणतात. ज्याच्याविषयी सांगायचे तो शब्दच वाक्यात नसेल, तर 'डँगलिंग', म्हणजे लोंबकळणारा मॉडिफायर होतो. बँकांच्या आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत वाक्यातील चूक शोधण्याचे प्रश्न असतात, तेथे या दोषाची ओळख उपयोगी पडते.

मराठी भाषकाची अडचण

ही चूक केवळ निष्काळजीपणातून होत नाही. तिचे मूळ दोन भाषांच्या घडणीत आहे. 'स्टेशनकडे जाताना पाऊस सुरू झाला' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. जाणारा कोण, हे ऐकणाऱ्याला संदर्भाने कळते. वर आलेल्या 'वाक्य वाचून जाणकाराला हसू येते' या वाक्यातही वाचतो तो जाणकार, हसू नव्हे, याविषयी कोणालाच शंका येत नाही. मात्र तीच रचना इंग्रजीत नेऊन 'वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड' असे लिहिले, तर पाऊसच चालू लागतो. आरंभीचे धातुसाधित पुढील मुख्य वाक्याच्या कर्त्याला लागू होते, असा इंग्रजीचा संकेत आहे. विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८ च्या 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' या पुस्तिकेतही हा नियम आवर्जून दिलेला आहे.

दुसरे कारण विभक्तीचे. 'तिने पाहुण्यांना कागदी पेल्यांतून चहा दिला' या वाक्यातील शब्द मागेपुढे केले तरी प्रत्यय अर्थ धरून ठेवतात. इंग्रजीत हे काम बहुतांशी शब्दाच्या जागेवर सोपवलेले असते. म्हणून 'शी सर्व्ह्ड टी टू द गेस्ट्स इन पेपर कप्स' असे लिहिताच पाहुणेच पेल्यात बसल्याचा भास होतो. 'शी सर्व्ह्ड द गेस्ट्स टी इन पेपर कप्स' ही रचना योग्य.

'ओन्ली' आणि 'ऑलमोस्ट'

आकाराने लहान असलेले हे शब्द अर्थाची मोठी उलथापालथ करतात. 'ओन्ली आय टोल्ड हिम' म्हणजे मीच त्याला सांगितले, इतर कोणी नाही. 'आय टोल्ड ओन्ली हिम' म्हणजे फक्त त्यालाच सांगितले. मराठीतील 'च' जसा ज्या शब्दावर भर द्यायचा त्यालाच लागतो, तसा 'ओन्ली' त्या शब्दाच्या लगत आधी ठेवावा. 'ही ऑलमोस्ट लॉस्ट टेन थाउजंड रुपीज' याचा काटेकोर अर्थ पैसे जाता जाता वाचले, असा होतो. 'ही लॉस्ट ऑलमोस्ट टेन थाउजंड रुपीज' म्हटले तर जवळजवळ दहा हजार रुपये गेलेच!

काही वेळा शब्द दोन्हीकडे पाहतो. 'स्टुडंट्स हू प्रॅक्टिस ऑफन इम्प्रूव्ह' यात 'ऑफन' सरावाला लागू की सुधारणेला? अशा मॉडिफायरला इंग्रजीत 'स्क्विंटिंग', म्हणजे तिरळा म्हणतात. 'स्टुडंट्स हू ऑफन प्रॅक्टिस इम्प्रूव्ह' असे लिहिल्यास संदिग्धता उरत नाही.

न्यायालयापर्यंत गेलेला प्रश्न

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. अमेरिकेच्या १९९१ च्या दूरध्वनीविषयक कायद्यात स्वयंचलित डायलिंग यंत्रणेची व्याख्या आहे. त्या व्याख्येतील शेवटचा शब्दसमूह क्रमांक 'साठवणे' आणि 'तयार करणे' या दोन्ही क्रियापदांना लागू होतो की केवळ दुसऱ्याला, या मुद्द्यावर फेसबुकविरुद्धचा एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तो दोन्हींना लागू होतो, असा निर्णय न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि फेसबुकची संदेशयंत्रणा त्या व्याख्येबाहेर राहिली.

अर्थात नियमाचा अतिरेकही नको. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात, गैरसमजाची शक्यता नसेल तेथे 'ओन्ली'च्या जागेवरून हटवादीपणा करू नये, असे मत मांडले होते. बोलण्यात स्वराघात अर्थ सांभाळतो. अर्ज, करार, अहवाल किंवा उत्तरपत्रिका यांत मात्र तो आधार नसतो.

तीन प्रश्न विचारा

१) वाक्याच्या आरंभी शब्दसमूह व स्वल्पविराम असल्यास ती क्रिया कोण करतो? उत्तरात येणारे नाम स्वल्पविरामानंतर लगेच कर्ता म्हणून यायला हवे. आरंभीच्या अर्जात 'युवर कंपनी'ऐवजी 'आय कॅन कॉन्ट्रिब्यूट टू युवर कंपनी' असे लिहिताच दोष दूर होतो.

२) वर्णन ज्याचे आहे, त्याच्या शेजारीच आहे ना? नसल्यास शब्दसमूह हलवावा.

३) जागा बदलून भागत नसेल तर? धातुसाधिताचे पूर्ण उपवाक्य करावे. 'वाइल आय वॉज वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड' यात प्रत्येक क्रियेला आपापला कर्ता मिळतो.

सरावासाठी

अ) 'ही सोल्ड द टेबल टू अ नेबर विथ ब्रोकन लेग्ज.'
आ) 'आफ्टर बॉइलिंग फॉर टेन मिनिट्स, शी अ‍ॅडेड शुगर टू द मिल्क.'

उत्तरे : अ) 'ही सोल्ड द टेबल विथ ब्रोकन लेग्ज टू अ नेबर.' मोडके पाय टेबलाचे, शेजाऱ्याचे नव्हेत. आ) 'आफ्टर द मिल्क हॅड बॉइल्ड फॉर टेन मिनिट्स, शी अ‍ॅडेड शुगर टू इट.' उकळले ते दूध, ती नव्हे.