तळणीचे तेल आणि अबकारी

रुडॉल्फ डीझेल याने आपले इंजिन मुळी शेंगदाण्याच्या तेलावर चालावे म्हणूनच निर्माण केले, ही आख्यायिका अलीकडे इतकी रूढ झाली आहे की १० ऑगस्टला साजऱ्या होणाऱ्या जागतिक जैवइंधन दिनाच्या व्याख्यानांतून ती बिनदिक्कत सांगितली जाते. वस्तुतः १८९३ सालच्या ज्या १० ऑगस्टला आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्या यंत्राची पहिली चाचणी झाली, त्या दिवशी त्यात खनिज इंधनच सोडलेले होते, आणि पहिल्याच स्फोटासरशी दाबमापकाच्या ठिकऱ्या उडाल्या. शेंगदाणा तेलाचा प्रसंग १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला असून, तेथे ऑटो कंपनीने एक लहानसे डीझेल इंजिन त्या तेलावर चालवून दाखविले, ते इतके सुरळीत चालले की पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यातले वेगळेपण उमगले. हा प्रयोग फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून झाला होता. कारण आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल पिकत असे, आणि तेथल्याच तेलावर तेथली यंत्रे चालली तर कोळसा व खनिज तेल बाहेरून नेण्याचा खर्च वाचेल, असा त्या सरकारचा सरळ हिशेब होता. वनस्पतिजन्य इंधनाच्या या पहिल्या प्रयोगामागे निसर्गप्रेम नसून खजिन्याची काळजी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. पुढील शतकभरात या तेलाचे नशीब इंजिनापेक्षा खजिन्यानेच अधिक वेळा ठरविले आहे.

खुद्द डीझेलने १९१२ साली असे भाकीत केले की आज क्षुल्लक वाटणारी ही तेले कालांतराने खनिज तेलाइतकीच महत्त्वाची ठरतील. परंतु पुढच्याच वर्षी इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला, आणि स्वस्त खनिज तेलाच्या पुरात त्याचे भाकीतही वाहून गेले. त्यानंतर जेव्हा जेव्हा टंचाई आली तेव्हा तेव्हा या तेलाची आठवण झाली, आणि टंचाई सरताच विसर पडला. काँगोतील पाम तेलावर रासायनिक प्रक्रिया करून ते पातळ करण्याची युक्ती बेल्जियममध्ये १९३७ साली पेटंट झाली, व दुसऱ्याच वर्षी ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर त्या इंधनावर प्रवासी बस धावली. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत आपल्याकडील शास्त्रज्ञांनीही देशी तेलांची इंजिनात परीक्षा पाहिली. पण खाद्यतेल हे शेवटी अन्न आहे, आणि सुकाळात अन्नाचा भाव इंधनाहून चढाच असतो. ही अडचण सुटली ती तेल एकदा कढईतून निघाल्यावर, म्हणजे त्याची अन्न म्हणून किंमत संपल्यावर.

येथे जुन्या गाडीचा संबंध येतो. डीझेलच्या तुलनेत वनस्पती तेल साधारण दसपट घट्ट असते. त्यामुळे इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रातून त्याचा फवारा नीट उडत नाही, अर्धवट जळालेले तेल पिस्टनच्या रिंगांना चिकटते, आणि खाली झिरपून वंगण तेलाचीही राळ करून टाकते. ज्या इंजिनांत इंधन प्रथम एका लहान पूर्वकक्षात पेटते, अशी जुन्या धाटणीची इंजिने मात्र हा अत्याचार पुष्कळ सोसतात. १९७६ पासून दहा वर्षे बनलेली मर्सिडीझची डब्ल्यू १२३ ही मोटार तळणीच्या तेलावर गाडी चालविणाऱ्यांच्या पंथाची आराध्य देवता झाली ती याच कारणाने: तिच्यातला बॉशचा पंप दणकट, फवाऱ्याचा दाब शे-सव्वाशे बारच्या घरात, आणि विजेच्या उपकरणांचा तिच्या कारभारात हस्तक्षेप जवळजवळ नाही. १९९७ नंतर आलेल्या कॉमन रेल इंजिनांत तोच दाब तेराशे बारच्या पुढे गेला, आणि त्या नाजूक यंत्रणेत भजी तळलेले तेल घालणे म्हणजे गॅरेजवाल्याच्या घरी स्वतः होऊन वर्गणी नेऊन देण्यासारखे झाले.

ज्यांनी हा उद्योग निष्ठेने केला त्यांची पद्धत ठरलेली असे. उपाहारगृहाच्या मागल्या दारातून आणलेले तेल पिंपात कित्येक दिवस निवळत ठेवायचे, वरचे तेवढे काढून घेऊन बारीक कापडी पिशव्यांतून गाळायचे, आणि पाण्याचा अंश राहिला की नाही हे पाहण्यासाठी थोडेसे तापल्या तव्यावर सोडायचे. तडतडले तर पाणी आहे, मुकाट्याने पसरले तर तेल तयार. गाडीत टाक्या दोन. सुरुवात डीझेलवर करावयाची, इंजिनाच्या गरम पाण्याने दुसऱ्या टाकीतले तेल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापून पातळ झाले की खटका फिरवून त्यावर जायचे, आणि मुक्कामाच्या अलीकडे पुन्हा डीझेलवर येऊन नळ्या धुऊन काढायच्या. हे शेवटचे कलम जो विसरला त्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत सुरू होत नसे. मागून येणाऱ्यांना मात्र अशा गाडीचा धूर तळणीच्या दुकानासारखा वास देई, आणि या वासानेच पुढे एक प्रकरण उभे केले.

ते प्रकरण वेल्सच्या दक्षिणेकडील लानेथ्ली गावचे. २००२ साली ब्रिटनमध्ये डीझेलवर लिटरमागे ४५.८२ पेन्स इतका इंधनकर होता. म्हणजे पंपावर ग्राहक जे मोजत होता त्यातला मोठा भाग तेलाचा नव्हे, सरकारचा होता. उलट खाद्यतेलावर असा कर नसल्यामुळे बड्या किराणा दुकानातले स्वस्त तेल डीझेलच्या निम्म्याहून कमी दरात पडे. तिकडल्या एका दुकानात तेलाचा खप अकस्मात वाढला, आणि गावातले लोक एवढे तळून खातात तरी काय, असा विचार सुरू झाला. लवकरच पोलीस व अबकारी खात्याचे अंमलदार धुराचा वास घेत रस्त्यावर गाड्या थांबवून टाकीची झडती घेऊ लागले. वर्तमानपत्रांनी त्या पथकाला तळणीचे पथक असे थट्टेचे नाव दिले. गाड्या जप्त झाल्या, त्या सोडविण्यासाठी पाचशे पौंडांपर्यंत दंड भरावा लागला. तेल चोरीचे नव्हते, विषारी नव्हते. रोख पैसे मोजून घेतलेले होते. अपराध एवढाच की ते तव्याऐवजी टाकीत गेल्याक्षणी कायद्याच्या दृष्टीने मोटारीचे इंधन झाले होते, व त्याचा महसूल बुडाला होता.

सरकारची बाजू अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. रस्ते ज्यातून होतात त्या महसुलात सर्वांनी भर घालावी आणि चतुराने मात्र फुकट जावे, हे कोणत्याच दरबारी चालले नसते. तथापि अंमलदाराने लोकांच्या गाड्यांच्या मागे वास हुंगत फिरावे, हे चित्र राज्यकर्त्यांनाही शोभेसे वाटले नसावे. कारण २००७ च्या जूनअखेर ब्रिटिश सरकारने नियम सैल करून वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असे इंधन तयार करणाऱ्यास वा वापरणाऱ्यास नोंदणीतून व करातून मुभा दिली.

सवलत मिळाली, आणि तेल महाग झाले. २००४ मध्ये युरोपात उपाहारगृहांचे उरलेले तेल जनावरांच्या खाद्यात घालण्यास बंदी झाली, तेव्हा काही काळ ते कोणालाच नको होते. पण २००९ च्या युरोपीय निर्देशाने टाकाऊ पदार्थांपासून केलेले जैवइंधन अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टाच्या हिशेबात दुप्पट धरण्याची सोय केली, आणि मोठ्या कारखान्यांनी या तेलावर उड्या घातल्या. पूर्वी जो उपाहारगृहवाला पिंप उचलून नेणाऱ्याचे आभार मानीत असे, तो आता त्याच्याकडे पैसे मागू लागला, आणि तेलाच्या पिंपांना कुलपे लागली. ज्या गृहस्थाने गॅरेजात पिंपे मांडली होती, त्याला फुकटचा कच्चा माल मिळेनासा झाला. तोपर्यंत डब्ल्यू १२३ चे पत्रेही गंजून आले होते.

आपल्याकडे हा विषय वेगळ्या दाराने आला. येथे प्रश्न कराचा नव्हता, पोटाचा होता: पुन्हा पुन्हा तापविलेले तेल कढईतून गाड्यावर आणि गाड्यावरून आणखी कुठेतरी जात राहते, ते थांबावे कसे? १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम लागू झाला, त्याच वर्षी असे तेल गोळा करून त्याचे बायोडीझेल बनविण्याची योजना निघाली, आणि २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत ते बायोडीझेल विकत घेण्याची तयारी दाखवून पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये दर जाहीर केला. या व्यवस्थेत तेल गोळा करणारा परवानाधारक आहे, प्रक्रिया करणारा कारखाना आहे, घेणारी कंपनी आहे. जुन्या जीपच्या टाकीत गाळलेले तेल स्वतः ओतणाऱ्या माणसासाठी मात्र तिच्यात रकाना नाही.